रेणुसूत्रं आणि समीकरणं: लेकीबरोबर मीही शिकले, त्याची हकिकत

जुलैमध्ये लेकीच्या आठवीच्या विज्ञानात रेणुसूत्रं सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला समीकरणं संतुलित करण्यावर तिची चाचणी झाली. मी वाणिज्य शाखेची. दहावीनंतर रसायनशास्त्राचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. तरी तिच्याबरोबर बसावं लागलं, कारण ती रोज वही उघडायची, पहिल्या ओळीवर थांबायची आणि "आई, हे आकडे येतात कुठून?" असं विचारायची. आता प्रकरण संपलंय. जी मुलं किंवा पालक सध्या त्याच पानावर अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

एक खुलासा आधीच. इथे मी सूत्रं आपण तोंडाने म्हणतो तशी लिहिली आहेत. एच२ओ म्हणजे वहीत रोमन लिपीतला एच, त्याच्या पायाशी छोटा २ आणि मग ओ. अक्षरानंतर आलेला आकडा पायाशी लिहायचा, सूत्राच्या अगदी सुरुवातीला असलेला आकडा पूर्ण आकारात.

पहिले काही दिवस संज्ञांत, म्हणजे मूलद्रव्यांच्या अक्षरी खुणांत गेले. आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत आणि तो तक्ता बघूनच मुलांचे हातपाय गळतात. प्रत्यक्षात या इयत्तेला तीसेक पुरतात: पहिली वीस क्रमाने, शिवाय लोखंड, तांबं, जस्त, चांदी, सोनं, शिसं, कथील, पारा, ब्रोमीन, आयोडीन अशी नेहमी भेटणारी. छळतात ती लॅटिन नावांवरून आलेली. सोडियमची संज्ञा एनए कारण नेट्रियम, पोटॅशियमची के कारण केलियम. मग फेरम, क्युप्रम, अर्जेंटम, ऑरम, प्लंबम, स्टॅनम आणि पाऱ्याचं लांबलचक हायड्रार्जिरम. या नऊ नावांची वेगळी चिठ्ठी करून आम्ही टेबलावर चिकटवली. बाकीच्यांसाठी पाठांतर जवळजवळ लागलंच नाही, वापरून वापरून बसली.

संज्ञेचं पहिलं अक्षर मोठं, दुसरं असेल तर लहान, हा नियम मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. लेकीच्या जोडून काढलेल्या, तिरक्या अक्षरात तर मोठा ओ आणि छोटा ओ सारखेच दिसायचे. मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठी असतील तर तो कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. हे एवढं दाखवल्यावर ती सूत्रांपुरती तरी सुटी, छापील वळणाची अक्षरं काढू लागली. तपासणाऱ्याला अक्षर स्पष्ट दिसलं नाही तर गुण मिळत नाहीत, म्हणून ही सवय सुरुवातीलाच लावा. नंतर फार जड जातं.

या अक्षरांची कल्पना बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४च्या सुमारास मांडली. त्याआधी अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन वर्तुळं काढायचा: ऑक्सिजनचं रिकामं, हायड्रोजनचं मध्ये ठिपका असलेलं, कार्बनचं काळं भरलेलं. बर्झेलियसची अक्षरं डाल्टनला मुळीच आवडली नव्हती. लेकीने मात्र डाल्टनची बाजू घेतली. तिला वर्तुळंच सोपी वाटली, आणि पुढे ती आमच्या फार कामाला आली.

यानंतर मला वाटलं आता थेट समीकरणांकडे वळावं, कारण चाचणी त्यावर होती. माझी मोठी बहीण अनेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवायची, तिला फोन केला. ती म्हणाली, "संतुलनाचं राहू दे. तिला सूत्र वाचता येतंय का ते बघ आधी. नुसते अणू मोजायला लाव." मला हे वेळ घालवणं वाटलं, पण ताईपुढे बोलायची सोय नाही.

मग रोज रात्री जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं मोजणी. नवीन काही नाही, फक्त सूत्र द्यायचं आणि कोणते अणू किती ते तिने सांगायचं. सीओ२ मध्ये एक कार्बन, दोन ऑक्सिजन, इथवर ठीक. सीए(ओएच)२ आला आणि गाडी अडली. कंसाबाहेरचा २ फक्त एचला लावायचा की दोघांना? दोघांना. एक कॅल्शियम, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. अमोनियम सल्फेट, (एनएच४)२एसओ४: नायट्रोजन दोन, हायड्रोजन आठ, गंधक एक, ऑक्सिजन चार, एकूण पंधरा. ॲल्युमिनियम सल्फेट, एएल२(एसओ४)३: ॲल्युमिनियम दोन, गंधक तीन, ऑक्सिजन बारा, एकूण सतरा. हे सतरा न अडखळता यायला बरेच दिवस लागले.

त्यातही खरी गाठ पुढच्या, म्हणजे सूत्राच्या सुरुवातीला येणाऱ्या आकड्याची होती. २ओ आणि ओ२ यांत फरक काय? दोन्हीकडे दोनच तर अणू! इथे डाल्टनची वर्तुळं कामाला आली. २ओ म्हणजे लांब लांब काढलेली दोन सुटी वर्तुळं, ओ२ म्हणजे एकमेकांना चिकटलेली जोडी. ३ओ२ म्हणजे तीन जोड्या, सहा अणू. २एच२ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू: हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन. पुढचा आकडा त्याच्यामागच्या अख्ख्या सूत्राला लागतो, पायाशी असलेला फक्त त्याच्या लगेच आधीच्या अक्षराला किंवा कंसाला. आठवडाभर पानंच्या पानं वर्तुळं काढली. खर्च म्हणाल तर पाठकोरे कागद आणि रंगीत पेन्सिली.

मधेच तिने विचारलं, पाणी एच२ओच कशावरून? एचओ का नाही? मला उत्तर येत नव्हतं आणि शोधल्यावर गंमत कळली, की खुद्द डाल्टन पाण्याला एकास एक असंच धरून चालला होता. पाण्यातून वीज सोडून त्याचे दोन वायू करता येतात हे १८०० मध्येच दाखवलं गेलं होतं, आणि त्यात हायड्रोजनचं आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट भरतं. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात, असं ॲव्होगॅड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये सुचवलं. या दोन गोष्टी जोडल्या की पाण्यात ऑक्सिजनच्या दुप्पट हायड्रोजन आहे हे दिसतं. पण ॲव्होगॅड्रोचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते पुन्हा लावून धरलं आणि मग हळूहळू सूत्रांचा गोंधळ निवळला. लेकीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं लागली, मग तिला पंधरवडा लागला तर काय बिघडलं!

ऑगस्टमध्ये संयुजा, म्हणजे मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता. शाळेत तक्ता पाठ करायला दिला होता. आम्ही पाठ केला, पण त्याआधी निदान पाच-सहा मूलद्रव्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते, काढून बघितलं. सोडियम २, ८, १: शेवटचा एक सोडला की आठांचं कवच बाहेर येतं, म्हणून संयुजा १. मॅग्नेशियम २, ८, २, तो दोन सोडतो. ऑक्सिजन २, ६, त्याला दोन हवेत. क्लोरीन २, ८, ७, त्याला एक. यातून सोडियम क्लोराइड एकास एक का आणि मॅग्नेशियम क्लोराइडला क्लोरीन दोन का, हे तिला दिसलं. त्यानंतर तिरकस गुणाकाराची पद्धत ही सोय झाली, मंत्र राहिला नाही. संज्ञांखाली संयुजा लिहायच्या आणि तिरप्या उतरवायच्या: एएल ३, ओ २, म्हणून एएल२ओ३.

या पद्धतीत एक जागा अशी आहे जिथे बरीच मुलं अडतात आणि पुस्तकं एका ओळीत पुढे जातात. मॅग्नेशियम २, ऑक्सिजन २, तिरकस गुणाकाराने एमजी२ओ२ येतं. दोनाने भाग देऊन एमजीओ लिहा म्हणतात. लेकीने लगेच पकडलं: "मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एच२ओ२ला भाग का नाही द्यायचा?" ग्लुकोजचं सी६एच१२ओ६ तर सहाने सरळ भागलं जातं! हा प्रश्न मी ताईकडे पोचवला. तिचं उत्तर असं: मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुटा रेणू असा नसतोच. मॅग्नेशियमचे आणि ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकाशेजारी एक, सगळ्या दिशांनी रचलेले असतात, त्यामुळे सूत्र फक्त प्रमाण सांगतं आणि प्रमाण लिहायचं ते लहानात लहान. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू मात्र खरोखर असतो आणि त्यात मोजून चार अणू असतात. ते भागून एचओ केलं तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड राहत नाही. थोडक्यात, धातू आणि अधातू मिळून बनलेल्या साध्या आयनिक संयुगांत भाग द्या, ग्लुकोजसारख्या रेणूंना हात लावू नका. या इयत्तेपुरतं एवढं पुरतं.

लोखंड दोन संयुजा दाखवतं, २ आणि ३, तांबं १ आणि २. नावात कंसात रोमन अंक दिला असेल तर तीच संयुजा: आयर्न (III) क्लोराइड म्हणजे एफईसीएल३. मूलकं, म्हणजे एकत्रच वावरणारे अणूंचे गट, मात्र पाठच करावी लागतात, सुटका नाही. हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट आणि अमोनियम यांची संयुजा १, सल्फेट, कार्बोनेटची २, फॉस्फेटची ३. मूलक एकापेक्षा जास्त वेळा आलं तरच कंस. एनएओएचला कंस नाही, सीए(ओएच)२ला आहे.

सप्टेंबर उजाडल्यावर कुठे समीकरणं. एव्हाना वर्ग बराच पुढे गेला होता आणि आम्ही मागे, त्यामुळे घरात थोडी धुसफूस झाली. पण ताईचं म्हणणं खरं निघालं. सूत्र वाचता येत असेल तर संतुलन म्हणजे डावी-उजवी मोजणी, बाकी काही नाही. आधी शब्दांत लिहायचं: मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन यांपासून मॅग्नेशियम ऑक्साइड. मग सूत्रं: एमजी + ओ२ → एमजीओ. इथे ऑक्सिजनला २ लावायला विसरायचं नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं एकटी असताना जोडीने असतात. संयुगात गेल्यावर ही जोडी राहीलच असं नाही. मग खाली तक्ता: डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. उजवीकडे २ लावला तर मॅग्नेशियम दोन होतो, म्हणून डावीकडेही २. झालं: २एमजी + ओ२ → २एमजीओ.

पाण्याच्या समीकरणाला तिने वेगळीच शक्कल लढवली. एच२ + ओ२ → एच२ओ. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो, तर एच२ओ२ लिहून टाकू, बरोबर होईल! आकडे खरंच जुळतात. पण पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जे जखमा धुवायला आणि केसांचा रंग उडवायला वापरतात. पायाशी असलेला आकडा पदार्थ कोणता ते ठरवतो, तो आपल्या हातात नाही. आपण फक्त पुढचा आकडा बदलू शकतो. मी हे दोन-तीनदा समजावलं, ती मान हलवायची आणि पुन्हा तेच करायची. शेवटी उपाय सापडला तो असा: सूत्रं लिहून झाली की त्यांभोवती शाईच्या पेनाने चौकट काढायची. चौकटीच्या आत पेन्सिल न्यायची नाही. दोन-तीन दिवसांत तो प्रकार थांबला.

अणू दोन्हीकडे सारखेच का असायला हवेत, यासाठी लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव पुस्तकात आहे: अभिक्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही, नव्याने तयारही होत नाही. लेक म्हणाली, वजन करून बघू. खाण्याचा सोडा पाच ग्रॅम आणि व्हिनेगर सत्तर मिलिलिटरच्या आसपास, घट्ट बंद होणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत. सोडा कागदाच्या पुडीत, आतली हवा दाबून बाहेर, पिशवी बंद, काट्यावर ठेवून आकडा लिहिला आणि मग पुडी आतल्या आत उघडली. पिशवी टम्म फुगली. आणि काट्यावरचा आकडा दीड-दोन ग्रॅमने उतरला. "बघ, नियम खोटा!" लेक नाचली. पिशवी कुठे गळत नव्हती, पाण्यात बुडवूनही पाहिली.

ताई फोनवर हसत सुटली. फुगलेली पिशवी जास्त जागा घेते, तेवढी हवा बाजूला सारते आणि ती हवा तिला वर रेटते. पाच ग्रॅम सोड्यातून अडीच ग्रॅमहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचं आकारमान सुमारे १.४ लिटर. एक लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे काटा साधारण १.७ ग्रॅम कमी दाखवणारच, पिशवीतून काहीही गेलेलं नसताना. पुस्तकांत हा प्रयोग सर्रास सुचवतात आणि हे कुणी सांगत नाही. करायचा तर करा, पण आधी हे माहीत असू द्या. आणि कडक बाटलीत घट्ट झाकण लावून मुळीच करू नका, दाबाने फुटू शकते.

आम्ही मग वस्तुमानाचा पडताळा कागदावरच घेतला, आणि तो मला संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वाटला. अणुवस्तुमानं घ्यायची: मॅग्नेशियम २४, ऑक्सिजन १६. डावीकडे दोन मॅग्नेशियमचे ४८ आणि ओ२चे ३२, मिळून ८०. उजवीकडे दोन एमजीओ, ४० आणि ४०. मिथेन जळतो ते समीकरण, सीएच४ + २ओ२ → सीओ२ + २एच२ओ: डावीकडे १६ आणि ६४, उजवीकडे ४४ आणि ३६. पुन्हा ८०, हा निव्वळ योगायोग. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी गडबड आहे. यात रेणूंची संख्या मात्र दोन्हीकडे सारखी असायला लागत नाही: २एच२ + ओ२ → २एच२ओ मध्ये डावीकडे तीन रेणू आणि उजवीकडे दोन. हे न सांगितल्यास मुलं पुढचे आकडेच बेरीज करून जुळवत बसतात.

संतुलनाचा क्रम असा बसला. जे मूलद्रव्य दोन्हीकडे एकेकाच सूत्रात येतं तिथून सुरुवात, जे कुठेतरी एकटं उभं आहे ते शेवटी. ज्वलनात आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात मागे. इथेनला, म्हणजे सी२एच६ला, ऑक्सिजन साडेतीन जोड्या लागतात. तिथे घाबरायचं नाही, साडेतीन लिहायचं आणि सगळं दुप्पट करायचं: २सी२एच६ + ७ओ२ → ४सीओ२ + ६एच२ओ. मूलक दोन्हीकडे तसंच राहिलं असेल तर ते फोडू नका, एकसंध मोजा. एएल२(एसओ४)३ + ३सीए(ओएच)२ → २एएल(ओएच)३ + ३सीएएसओ४ मध्ये ऑक्सिजन सुटे मोजायला गेलात तर डोकं फिरेल. सल्फेट तीन-तीन, हायड्रॉक्साइड सहा-सहा, दोन मिनिटांचं काम.

तपासणीच्या बारीकसारीक अटी वेळीच विचारून घ्या, शाळेशाळेत त्या बदलतात. आम्हाला चाचणीच्या जेमतेम आठवडाभर आधी कळलं की बाणाऐवजी बरोबरचं चिन्ह चालणार नाही, भौतिक अवस्था मागितल्या असतील तर त्या प्रत्येक पदार्थाला हव्यात, आणि पाण्यात विरघळलेल्या पदार्थाला द्रव न म्हणता जलीय लिहायचं. अर्धवट आकडा उत्तरात ठेवायचा नाही, आणि सगळे आकडे एकाच संख्येने भागले जात असतील तर भागून लहान करायचे. बाईंनी हे विचारल्यावर लगेच सांगितलं, फक्त आपणहून सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या आधीच्या रविवारी सरावाच्या पुस्तिकेत एक समीकरण आलं: सीएसीओ३ → सीएओ + सीओ. लेकीने पेन्सिल चावत बराच वेळ घालवला. मी म्हटलं सोड, पुढचं घे. ती म्हणाली, "नाही गं आई, हे जमणारच नाही. डावीकडे एका कॅल्शियममागे तीन ऑक्सिजन आहेत. उजवीकडे कॅल्शियम आणि कार्बन एकेक घेतला की ऑक्सिजन दोनच. कितीही पट केलं तरी दोनाचे तीन होणार नाहीत." छापताना शेवटचा २ गळला होता; चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघतो. तिने तो २ चौकटीच्या आत लिहिला, आणि या वेळी मी हरकत घेतली नाही.

चाचणीत वीसपैकी पंधरा मिळाले. गेलेल्या गुणांतले बरेचसे संयुगांच्या नावांचे होते: डायनायट्रोजन पेंटॉक्साइड वगैरे, जे आम्ही घाईत ठेवून दिलं होतं. मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा हे उपसर्ग दोन अधातूंच्या संयुगांना लागतात, धातूंच्या संयुगांना सहसा नाही. तुम्ही ते ऑगस्टमध्येच, संयुजेबरोबर उरकून टाका.